कोलकात्याची दुर्गा, परळची हर्षा

१९७७ सालच्या भारतात मूल होणं ही सरकारची मोठी काळजी होती. मूल न होण्याची काळजी मात्र ज्याच्या त्याच्या घरापुरती होती. आणीबाणीच्या एका वर्षात, १९७६-७७ मध्ये, देशभर ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यातल्या कितीतरी माणसांना दमदाटी करून, ओढून नेऊन केलेल्या होत्या. एसटी स्टँडपासून सरकारी दवाखान्यापर्यंत जिकडेतिकडे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता. प्रजननावरच्या संशोधनाचा पैसाही साहजिकच त्याच दिशेनं वाहत होता. गोळी कोणती चालेल, तांबी किती वर्षं टिकेल, बिनटाक्याची शस्त्रक्रिया करता येईल का, हे त्या काळातले प्रश्न होते. मुंबईत परळला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, प्रजननावर संशोधन करणारी जी संस्था आहे, तीदेखील गर्भनिरोधक साधनं तपासणाऱ्या एका छोट्या केंद्रातूनच वाढलेली.

अशा देशात कोलकात्यातला एक डॉक्टर काचेच्या बशीत मानवी भ्रूण तयार करून ते गोठवून ठेवण्याच्या खटपटीत होता, हे आज वाचताना नवल वाटतं. त्या काळच्या अधिकाऱ्यांना तर तो वेडेपणाच वाटला असणार. पुढे जे घडलं त्याची पाळंमुळं या वातावरणात आहेत.

डॉ. सुभाष मुखर्जी यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबागला झाला. कोलकात्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजातून ते १९५५ साली डॉक्टर झाले. दवाखाना थाटून प्रॅक्टिस करायची सोडून त्यांनी शरीरक्रियाशास्त्र धरलं. १९५८ साली कलकत्ता विद्यापीठाची पीएचडी मिळवली, मग एडिंबरोला जाऊन जॉन लोरेन यांच्या हाताखाली संप्रेरकांवर काम केलं आणि १९६७ साली दुसरी पीएचडी घेतली. लोरेन हे लघवीतल्या संप्रेरकांचं प्रमाण मोजण्याच्या तंत्रातलं मोठं नाव. बीजकोशातून स्त्रीबीज केव्हा सुटतं, त्यासाठी मेंदूखालच्या ग्रंथीतून कोणता निरोप येतो, तो निरोप बाहेरून देता येतो का, हे मुखर्जी तिथे शिकले. विलायतेत राहता आलं असतं, पण ते परतले आणि कोलकात्याच्या एनआरएस वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी नोकरीत रुजू झाले.

सरकारी नोकरीतल्या प्राध्यापकाला संशोधनासाठी मिळायचं ते फारच तुटपुंजं. मुखर्जींनी आपल्याभोवती दोन माणसं जमवली. सुनीत मुखर्जी हे अतिशीत तापमानात पेशी टिकवण्याच्या शास्त्राचे जाणकार, आणि डॉ. सरोजकांती भट्टाचार्य हे स्त्रीरोगतज्ज्ञ. एकानं संप्रेरकं सांभाळायची, एकानं गोठवण्याचं बघायचं, एकानं शस्त्रक्रिया करायची. या तिघांकडे जी स्त्री आली, तिच्या गर्भनलिका निकामी झालेल्या होत्या. बीजकोशातून बीज सुटायचं, पण शुक्राणूची आणि त्याची गाठ जिथे पडायची तो रस्ताच बंद होता. त्या काळात अशा बाईला डॉक्टर एवढंच सांगत, की दत्तक घ्या.

इंग्लंडमध्ये नेमक्या याच अडचणीवर रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी हे तिघं १९६९ सालापासून झटत होते. त्यांचीही उपेक्षाच चालू होती. १९७१ साली तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांना निधी नाकारला होता. केंब्रिजहून ओल्डहॅमला मोटारीनं खेपा घालत, एका छोट्या कॉटेज हॉस्पिटलात त्यांनी काम रेटलं. त्या दहा वर्षांत २८२ स्त्रियांवर त्यांनी प्रयत्न केले आणि हाती आली दोन जिवंत मुलं. त्यातली पहिली लुईझ ब्राऊन, २५ जुलै १९७८ रोजी रात्री पावणेबाराच्या सुमारास जन्मलेली. लुईझच्या वेळी त्यांनी संप्रेरकांची औषधं देणं सोडून दिलं होतं. आईच्या नैसर्गिक चक्रात जे एकच बीज पिकतं त्याची वेळ साधायची, पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीतून ते उचलायचं, प्रयोगशाळेत फलन करायचं आणि दोनतीन दिवसांत भ्रूण गर्भाशयात सोडायचं, अशी ती पद्धत. एका बीजावर सगळी भिस्त होती.

मुखर्जींनी वाट वेगळी धरली, आणि त्या वाटेचा प्रत्येक टप्पा नीट बघण्यासारखा आहे. पहिली गोष्ट, त्यांनी संप्रेरकाची इंजेक्शनं देऊन एका खेपेला अनेक बीजं पिकवली. हे संप्रेरक पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतून काढलं जायचं; एडिंबरोतला अभ्यास इथे कामी आला. दुसरी गोष्ट, दुर्बिणीची शस्त्रक्रिया टाळून त्यांनी योनिमार्गाच्या मागच्या भिंतीला छोटा छेद देऊन बीजकोशापर्यंत पोचायचं ठरवलं. महागडी दुर्बीण हाताशी नसलेल्या गावातही हे करता आलं असतं. या मार्गानं पाच बीजं मिळाली. तिसरी गोष्ट सगळ्यांत धाडसाची. संप्रेरकांच्या माऱ्यानं त्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर भ्रूणाला धरून ठेवण्याच्या स्थितीत नसतं, हे त्यांनी ताडलं. मग घाई कशाला? आठ पेशींचं झालेलं भ्रूण त्यांनी गोठवलं, ५३ दिवस ठेवलं, आणि आईचं शरीर पूर्ववत झाल्यावर एका साध्या, औषधाविना आलेल्या चक्रात ते गर्भाशयात सोडलं.

गोठवणं म्हणायला सोपं आहे. पेशीत पाणी असतं, पाण्याचा बर्फ झाला की त्याचे अणकुचीदार स्फटिक होतात आणि ते पेशीचं आवरण आतून फाडतात. म्हणून आधी डायमिथाइल सल्फॉक्साइड नावाच्या द्रवात भ्रूण भिजवून पेशींतलं पाणी हळूहळू काढून घ्यायचं, मग टप्प्याटप्प्यानं तापमान उतरवायचं, आणि परत आणताना तेच सगळं उलट क्रमानं तितक्याच सबुरीनं करायचं. उंदराची भ्रूणं या द्रवात गोठवून त्यांतून जिवंत पिल्लं मिळवण्याची किमया १९७२ साली साधली होती, वर्षभरात वासरूही झालं होतं. म्हणजे मुखर्जी हवेत इमले बांधत नव्हते. जनावरांत जमलेलं माणसात करून बघण्याची त्यांची तयारी होती, इतकंच.

३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात मुलगी झाली. लुईझ तेव्हा ७० दिवसांची होती. नवरात्र नुकतं बसलं होतं, बंगालात दुर्गापूजेचे मांडव उभे राहत होते. मुलीचं नाव दुर्गा पडलं.

इथे जरा दिवस मोजून पाहावेत. पूर्ण दिवसांचं बाळ धरलं तर भ्रूण गर्भाशयात सोडलं गेलं ते साधारण जानेवारी १९७८ मध्ये. त्याआधीचे ५३ दिवस ते गोठलेलं होतं. म्हणजे कोलकात्याच्या त्या बशीत बीज आणि शुक्राणू एकत्र आले ते १९७७ च्या नोव्हेंबरच्या आसपास. ओल्डहॅमला लुईझच्या आईचं बीज काढलं ती तारीख १० नोव्हेंबर १९७७ होती. दोन शहरांतली दोन फलनं जवळपास एकाच महिन्यातली ठरतात. लुईझच्या जन्माची बातमी जगभर गाजली तेव्हा कोलकात्यातल्या बाईला सहासात महिने झाले होते. इंग्लंडची नक्कल केली, असा आरोप ज्यांनी केला त्यांनी एवढं साधं गणितही मांडलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच बातमी वर्तमानपत्रांत आली. दूरदर्शनवर मुलाखत झाली. मुखर्जींनी राज्याच्या आरोग्य सेवा संचालकांना कामाचा अहवाल दिला आणि क्रायोजेनिक्सच्या एका भारतीय नियतकालिकात तिघांच्या नावानं छोटासा निबंधही छापला. पण सरकारी नोकरानं आधी साहेबांना न विचारता पेपरवाल्यांना सांगितलं, ही ठिणगी पडली होती. शिवाय ज्या व्यवसायबंधूंना याचा गंधही नव्हता, त्यांचा अहंकार दुखावला. नोव्हेंबर १९७८ मध्ये चौकशी समिती बसली. तिचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. मानवी प्रजननाच्या या नव्या शाखेत काम केलेलं समितीत कुणीच नव्हतं.

समितीपुढे मुखर्जींनी आपल्या परीनं समजावून सांगितलं. कोलकात्यात तेव्हा रोज तासन्‌तास वीज जायची. दिवे जात असताना तुमची भ्रूणं कशी टिकली, असा प्रश्न त्यांना विचारला गेल्याचं सांगतात. प्रश्न अगदीच गैर नव्हता. पण पेशी किती वेगानं गार केली, द्रव किती तीव्रतेचा वापरला, परत आणल्यावर किती पेशी जिवंत होत्या, हे विचारायला विषय ठाऊक असावा लागतो. समितीनं दावा अविश्वसनीय ठरवला.

समितीच्या बाजूनं जे म्हणता येईल तेही म्हटलं पाहिजे. छापलेला निबंध फारच त्रोटक होता. दुसऱ्या प्रयोगशाळेनं तो वाचून प्रयोग पुन्हा करावा, इतका तपशील त्यात नव्हता. दुर्गाचे आईवडील पुढे यायला तयार नव्हते, आणि त्यांना दोष देता येत नाही. बशीत जन्मलेली पोर म्हणून तिच्याकडे लोक बोट दाखवतील, उद्या तिचं लग्न कसं जमेल, ही भीती त्या घराला होती. मुखर्जींनी गुप्ततेचा शब्द दिला होता आणि स्वतःवर चिखल उडत असतानाही तो पाळला. शास्त्रीय पुरावा आणि डॉक्टरचा धर्म यांच्यात त्यांनी धर्म निवडला, अशी माझी समजूत आहे. पण शंका असणं वेगळं आणि माणसाला काम करू न देणं वेगळं. समितीला शंका होती तर प्रयोग पुन्हा करून दाखवा, हा घ्या निधी, ही घ्या प्रयोगशाळा, असं म्हणता आलं असतं. तसं कुणी म्हटलं नाही.

उलट दारं एकेक करून बंद होत गेली. १९७९ च्या सुरुवातीला जपानमधून, क्योटो विद्यापीठाकडून, आपलं काम मांडण्याचं निमंत्रण आलं. फेब्रुवारीत सरकारचं उत्तर आलं, रजा नामंजूर. जिथे विषय समजणारे श्रोते मिळाले असते, तिथेच जाण्याची वाट अशी अडवली गेली. बांकुडाच्या महाविद्यालयात नोकरी आणि कोलकात्यात प्रयोगशाळा, अशी त्यांची ओढाताण झाली. हृदयविकाराचा झटका आला. मग बदली आर. जी. कार महाविद्यालयात. आणि जून १९८१ मध्ये आणखी एक बदलीचा कागद आला: नेत्रविज्ञानाच्या संस्थेत, डोळ्यांच्या विद्युत्-शरीरक्रियेचे प्राध्यापक म्हणून. दोन पीएचडी प्रजननशास्त्रात मिळवलेल्या माणसाला डोळ्यांच्या विभागात बसवण्याचा हा हुकूम. फायलीत बघाल तर त्यात वावगं काही दिसणार नाही. पद तेच, पगार तोच.

१९ जून १९८१ रोजी सुभाष मुखर्जींनी कोलकात्यातल्या राहत्या घरी आपलं जीवन संपवलं. वय ५० वर्षं. पत्नी नमिता शाळेत शिकवत होत्या. त्या कामावरून घरी परतल्या तेव्हा त्यांना हे कळलं. या दांपत्याला मूल नव्हतं.

त्यानंतर कोलकात्यात कागदपत्रांचं एक गाठोडं सुनीत मुखर्जींकडे राहिलं आणि बाहेरचं जग पुढे निघून गेलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत जोन्स दांपत्यानं संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन पिकवलेल्या बीजातून मूल जन्माला घातलं आणि ती पद्धत सगळीकडे रूढ झाली. १९८४ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गोठवलेल्या भ्रूणातून मूल जन्मलं, ते जगातलं पहिलं म्हणून नोंदलं गेलं. मुखर्जींनी एकत्र गुंफलेल्या दोन्ही युक्त्या अशा दोन देशांतून, त्यांचं नाव न घेता, पुन्हा शोधल्या गेल्या.

आता गोष्ट परळला येते.

केईएम हे महापालिकेचं इस्पितळ, १९२६ सालचं, शेजारीच सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज. १९८० च्या दशकात त्याच्या अवतीभवती गिरण्यांच्या चिमण्या होत्या, आणि १९८२ च्या संपानंतर त्यांतल्या बऱ्याच थंड पडत चालल्या होत्या. बाह्यरुग्ण विभागात लालबाग-परळच्या चाळींतून येणाऱ्या बायका असत, तशा कोकणातून, घाटावरून, थेट विदर्भातून आलेल्याही असत. मूल होत नाही म्हणून आलेली बाई सहसा एकटी नसे. सासू बरोबर असे. अशा बाईची ओटी कुणी भरत नाही, डोहाळजेवणाला तिला मागे बसवतात, बारशाला पाळण्याशी तिचा हात नको असतो, हे तिथल्या डॉक्टरांना रोज दिसत होतं. या बायकांमध्ये गर्भनलिका बंद असलेल्यांची संख्या मोठी होती. आपल्याकडे त्यामागचं एक ठळक कारण क्षय. फुप्फुसातला क्षय लोकांना माहीत असतो; तोच जंतू गुपचूप गर्भनलिकांत उतरतो, नलिका कडक दोरीसारख्या होऊन जातात, आणि बाईला लग्नानंतर सातआठ वर्षांनी ते कळतं.

डॉ. इंदिरा हिंदुजा या इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ. जन्म सिंधमधल्या शिकारपूरचा, कुटुंब फाळणीनं उखडून इकडे आलेलं. केईएमपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आयसीएमआरची प्रजनन संशोधन संस्था, आणि तिचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार. एकीकडे रुग्ण आणि शस्त्रक्रियागृह, दुसरीकडे प्रयोगशाळा आणि शास्त्रज्ञ. दोन्ही सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्था. गर्भनिरोधनासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेनं वंध्यत्वावर काम हाती घ्यावं, यासाठी आनंद कुमारांना वरिष्ठांचं मन वळवावं लागलं असेल हे उघड आहे. पण इथे आयसीएमआर पाठीशी होती, आणि कोलकात्याशी तुलना केली की सगळा फरक इथेच दिसतो. मुखर्जींकडे बुद्धी होती, हात होते, धाडस होतं. त्यांच्यामागे संस्था नव्हती.

परळच्या चमूनं प्रत्येक पायरीची नोंद ठेवली. रक्तातल्या संप्रेरकांचे आकडे, बीजकोशातल्या बीजपुटिकांची वाढ, बीज काढल्याची वेळ, फलन झाल्याचं सूक्ष्मदर्शकाखालचं निरीक्षण, भ्रूणाच्या पेशी किती झाल्या, केव्हा सोडलं. हे कंटाळवाणं वाटेल, पण पुढे कुणी समिती बसवली असती तर तिच्यापुढे ठेवायला वह्याच्या वह्या होत्या. सुरुवातीचे प्रयत्न फसले, जगात सगळीकडेच फसत होते. अखेर एका बाईला दिवस राहिले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये मुलगी जन्मली, तिचं नाव हर्षा. या वेळी कुणी अविश्वास दाखवला नाही. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं, आईवडील बाळाला घेऊन छायाचित्रकारांपुढे आले, आणि भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून हर्षाचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत गेलं. जानेवारी १९८८ मध्ये याच जोडगोळीनं बीज आणि शुक्राणू थेट गर्भनलिकेत सोडण्याच्या गिफ्ट पद्धतीनंही बाळ जन्माला आणलं.

इथे थांबलं असतं तर ही मुंबईच्या यशाची सरळ गोष्ट झाली असती. आनंद कुमारांच्या नावावर आयुष्यभर पुरेल असा मान जमा झाला होता. १९९७ च्या फेब्रुवारीत ते एका परिषदेसाठी कोलकात्याला गेले. सुभाष मुखर्जींच्या स्मरणार्थ त्यांना व्याख्यान द्यायचं होतं. तिथे सुनीत मुखर्जींनी जपून ठेवलेलं ते गाठोडं त्यांच्या हाती आलं. मुखर्जींच्या हस्ताक्षरातली टिपणं, पत्रव्यवहार, संचालकांना दिलेला अहवाल, समितीशी झालेली देवघेव.

आनंद कुमार स्वतः ही सगळी वाट चाललेले होते. कोणत्या टप्प्यावर काय चुकतं, खोटं लिहिणाऱ्याला कोणता तपशील सुचणारच नाही, हे त्यांच्याइतकं देशात फार थोड्यांना कळलं असतं. समितीत बसायला हवा होता तो माणूस हाच, फक्त १९ वर्षं उशिरा आलेला. त्यांनी कागद बारकाईनं वाचले, दुर्गाच्या आईवडिलांशी बोलले आणि त्यांची खात्री पटली. एप्रिल १९९७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला. भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखर्जी आहेत, असं त्यांनी शीर्षकातच म्हटलं. म्हणजे हर्षा पहिली नाही. म्हणजे आपण पहिले नाही.

हे वाचताना मी दर वेळी थबकतो. पहिलेपणासाठी शास्त्रज्ञांमध्ये होणारी भांडणं काही नवी नाहीत. न्यूटनपासून आजवर त्यांनी ग्रंथालयं भरतील. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट काढून मेलेल्या, बदनाम झालेल्या, ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या नावे लिहून देणारे किती निघतील? त्यांच्यावर कुणाची सक्ती नव्हती. गाठोडं परत देऊन, कागद रोचक आहेत पण पुरावा अपुरा, एवढं म्हणून ते मुंबईला परतू शकले असते, आणि कुणीही त्यांना नावं ठेवली नसती. आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासात या लेखाइतकी सचोटीची कृती मला दुसरी चटकन आठवत नाही.

त्या लेखानंतर चक्रं फिरली. २००२ साली आयसीएमआरनं मुखर्जींच्या कामाची दखल घेतली. २००३ साली दुर्गा २५ वर्षांची झाली तेव्हा मुखर्जींच्या स्मरणार्थ झालेल्या समारंभात ती स्वतः लोकांपुढे आली. आईवडिलांना वाटलेली भीती तिच्या पिढीला उरली नव्हती. पुढे जगभरातल्या वैद्यकांच्या चरित्रकोशात मुखर्जींची नोंद झाली. सर्वसामान्य वाचक-प्रेक्षकांना मात्र ही शोकांतिका आधीच ठाऊक झाली होती, वेगळ्या नावानं. रमापद चौधुरींची 'अभिमन्यू' ही बंगाली कादंबरी आणि तिच्यावरून तपन सिन्हांनी काढलेला 'एक डॉक्टर की मौत' हा हिंदी चित्रपट. पंकज कपूरनं रंगवलेला तो डॉक्टर कुष्ठरोगाची लस शोधतो, पण चौकशी, बदली, परदेशातून आलेलं निमंत्रण हे सगळं मुखर्जींचंच.

हर्षाचं श्रेय यातून कमी झालं का? मला तसं वाटत नाही. सगळी नोंद, सगळी तपासणी, सगळी वाच्यता झालेलं भारतातलं पहिलं आयव्हीएफ बाळ हर्षाच आहे, आणि पुढची हजारो केंद्रं ज्या कामाकडे बघून उभी राहिली ते काम परळचं. कोलकात्याच्या कामातून दुसरा प्रयोग जन्माला आला नाही, कारण तो येऊ दिला गेला नाही. इंदिरा हिंदुजांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१६ साली हर्षाला मुलगा झाला आणि ते बाळंतपणही त्यांनीच केलं.

तंत्राच्या बाजूनं बघितलं तर काळानं मुखर्जींच्या पारड्यात वजन टाकलं. आज आयव्हीएफचं कोणतंही केंद्र घ्या, औषधं देऊन अनेक बीजं पिकवतात. बीज काढण्यासाठी पोटाला छिद्र पाडत नाहीत, योनिमार्गातूनच जातात, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बारीक सुईनं. भ्रूणं गोठवतात आणि महिना-दोन महिन्यांनी गर्भाशयाचं अस्तर नीट झालं की सोडतात. गोठवण्याचं तंत्र आता फार पुढे गेलं आहे, पण अस्तराला विसावा देण्यामागचा विचार तोच. एडवर्ड्सना २०१० साली नोबेल मिळालं आणि ते सर्वस्वी योग्यच होतं. तोवर स्टेप्टो आणि जीन पर्डी दोघंही हयात नव्हते. पण त्यांनी ज्या चक्रावर लुईझ जन्माला घातली, ती एका बीजावर अवलंबून राहायची पद्धत आज क्वचितच वापरली जाते.

कायदा मात्र रेंगाळला. आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं २००५ साली आली, पण त्यांना कायद्याचं बळ नव्हतं. मधल्या काळात खासगी केंद्रं गावोगावी निघाली, भाडोत्री मातृत्वाचा धंदा फोफावला, परदेशी जोडप्यांची रीघ लागली. शेवटी २०२१ साली संसदेनं सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा आणि सरोगसीचा असे दोन कायदे केले. केंद्रांची नोंदणी सक्तीची झाली, दस्तऐवज ठेवणं बंधनकारक झालं, पैसे घेऊन दुसऱ्याचा गर्भ वाढवून देण्यावर बंदी आली. ज्या उपचाराची सुरुवात आपल्याकडे सरकारी महाविद्यालयात आणि महापालिकेच्या इस्पितळात झाली, तो आज बहुतांशी खासगी हातात आहे आणि त्यासाठी लोक दागिने मोडतात, जमिनीचा तुकडा विकतात.

कोलकात्याच्या समितीनं काय गमावलं, याचा हिशेब बहुतेक वेळा जगातल्या दुसऱ्या बाळाचा मान असा मांडला जातो. माझ्या लेखी तो मान दुय्यम आहे. दुर्गा आणि हर्षा यांच्यामध्ये जवळजवळ आठ वर्षं गेली. १९७८ साली कोलकात्यात एक मार्ग सापडला होता. महागडी दुर्बीण न लागणारा, आपल्या इस्पितळांना झेपेल असा. तो पारखून घेतला असता, सुधारला असता, शिकवला असता, तर क्षयानं नलिका बुजलेल्या बायकांना १९८० च्या आसपासच दवाखान्यात काहीतरी उत्तर मिळू लागलं असतं. १९७८ साली ३४ वर्षांची असलेली बाई १९८६ साली ४२ वर्षांची झाली होती. परळच्या यशाची बातमी तिनंही वाचली असेल, पण तोवर तिच्या स्वतःच्या बीजातून मूल होण्याची शक्यता जवळपास संपलेली होती.